कुलूप कोणाचें, किल्ली कोणाची?

नळदुर्गचा किल्ला ज्यानें पाहिला नाहीं असा विद्यार्थी आमच्या जिल्ह्यांत विरळाच सांपडेल. बोरी नदीवर घातलेल्या तेथील जुन्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ च्या सुमारास, तो बांधला गेला. पाऊस चांगला झाला म्हणजे नर व मादी या नांवांच्या सांडव्यांवरून पाणी कोसळत असतें, आणि त्याच वेळीं भिंतीच्या आंतील खोलींत मनुष्य कोरडा उभा राहूं शकतो. काठावरून पाहणाऱ्यास केवळ भिंत व धबधबा दिसतो. ज्यास जिना ठाऊक आहे तोच आंत उतरतो. गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेंत एक प्रकरण घडलें. त्याचा विचार करितांना हा पाणीमहाल आम्हांस वारंवार आठवला. म्हणून त्या प्रकरणाविषयीं आमचें जें मत झालें आहे, तें वाचकांपुढें ठेवण्याची आम्ही परवानगी घेतों.

प्रकरण असें. आमच्या संगणक-कक्षांतील बहुतेक लॅपटॉप जुने आहेत. ते माजी विद्यार्थ्यांनीं प्रेमानें पाठविलेले, दहा-बारा वर्षें दुसऱ्यांच्या हाताखालीं झिजलेले, परंतु चालते आहेत. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली टी. पी. एम. २.० नामक सुरक्षेची सोय व बराच नवा प्रोसेसर मागते. तेव्हां आमचीं यंत्रें त्या पंक्तींत बसत नाहींत. म्हणून संगणकाच्या शिक्षकांनीं मुलांस लिनक्स शिकविण्याचें ठरविलें. मात्र जुनी प्रणाली एकदम पुसून न टाकतां, तिच्याच पोटांत दुसरी चालवून मुलांचा हात आधीं बसवावा असा त्यांचा विचार होता. यासाठीं प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशन नांवाची शक्ति जागी असावी लागते. आमच्या यंत्रांच्या प्रोसेसरांत ती होती, पण ती बंद आहे असें यंत्र सांगत होतें. सेटिंग्जचें पान उघडून पाहिलें तों त्यांत तारीख, वेळ, पासवर्ड आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावें, एवढ्याच ओळी होत्या. ती शक्ति जागी करण्याची ओळ तेथें नव्हतीच.

दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें हें मनावर घेतलें. निर्मात्यानें प्रसिद्ध केलेली फर्मवेअरची फाईल त्यानें आपल्या मामाच्या संगणकावर उकलली, तिच्यांत दडलेल्या पानांची यादी काढली, आणि हवी ती ओळ कोणत्या स्थानीं साठविलेली आहे हें शोधलें. मग शिक्षकांसमक्ष, पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या एका लहान प्रोग्रामच्या साहाय्यानें, त्या स्थानीं असलेल्या शून्याच्या जागीं त्यानें एक हा अंक लिहिला. यंत्र पुन्हां सुरू केलें तों ती शक्ति जागी झालेली! त्या दिवशीं त्या मुलाची वर्गांत फार वाहवा झाली. आमच्या मतें अनर्थाचें बीज त्या वाहवेंतच होतें. कारण दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत, कोणासही न विचारतां, त्यानें तोच अंक त्याच स्थानीं शेजारच्या लॅपटॉपमध्यें लिहिला. हा लॅपटॉप त्याच कंपनीचा व त्याच नांवाचा होता. परंतु या वेळीं पडदा जो काळा झाला तो काळाच राहिला.

मुलानें लपवाछपवी केली नाहीं. घंटा होण्यापूर्वींच तो शिक्षकांपुढें जाऊन उभा राहिला व झालें तें सांगता झाला. दोन दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टींत त्यांचें सोयाबीन शेतांतच कुजलें होतें. तरीही दुरुस्तीचे पैसे देण्यासाठीं ते कोणाकडून तरी उसने घेऊन आले होते. शाळेनें ते घेतले नाहींत. परंतु शिक्षकवर्गांत मात्र दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें, सर्व यंत्रांच्या सेटिंग्जवर पासवर्ड घालावा, मुलांस त्या वाटेस जाऊंच देऊं नये, आणि त्या मुलास वर्षभर संगणक-कक्ष बंद करावा. निर्मात्यानें जें झांकून ठेविलें तें झांकण्यास योग्य म्हणूनच ठेविलें असेल. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, यंत्र एकदा आपल्या मालकीचें झालें म्हणजे त्याची कोणतीही खोली उघडण्याचा आपणांस हक्क आहे, आणि शिकतांना एखादें यंत्र बिघडावयाचेंच. आम्हांस हे दोन्ही पक्ष अर्धेच खरे वाटतात. तें कसें, हें सांगण्यापूर्वीं या दडलेल्या पानांचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

लॅपटॉपची कळ दाबली म्हणजे विंडोज किंवा लिनक्स एकदम सुरू होत नाहीं. मुख्य पाटीवर नखाएवढी एक चिप असते, व तिच्यांत निर्मात्यानें भरून दिलेला एक प्रोग्राम असतो. प्रोसेसर प्रथम तो प्रोग्राम चालवितो. यासच फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत त्यास बायोस हें नांव होतें, नव्या यंत्रांतील त्याचा प्रकार यू. ई. एफ. आय. या नांवानें ओळखला जातो, परंतु बोलतांना लोक अजूनही बायोसच म्हणतात. हा प्रोग्राम मेमरी तपासतो, पडदा व कळफलक जागे करितो, आणि मग डिस्कवरील प्रणालीच्या स्वाधीन कारभार करितो. घर उघडून, दिवा लावून, मग मालकास बोलावणाऱ्या जुन्या गड्याप्रमाणें त्याचें काम आहे. गडी चुकला तर मालकास घरांत पाऊलही टाकतां येत नाहीं.

आतां हा प्रोग्राम प्रत्येक लॅपटॉप-कंपनी स्वतः मुळापासून लिहीत नाहीं. ए. एम. आय., फीनिक्स व इन्साइड अशा थोड्या संस्था तो लिहून अनेक कंपन्यांस पुरवितात. त्यांपैकीं ए. एम. आय. ही संस्था सुब्रमोनियन शंकर या भारतीय अभियंत्यानें एका सहकाऱ्यासह १९८५ सालीं अमेरिकेंत स्थापिली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अनेकांसाठीं लिहिलेल्या या प्रोग्रामांत सेटिंग्जचीं पानें पुष्कळ असतात. विकणारी कंपनी त्यांतील थोडीं ग्राहकास दाखविते आणि बाकीचीं झांकते. तीं पानें बहुधा फाडून टाकलेलीं नसतात. ‘हें पान दाखवूं नये’ एवढीच आज्ञा त्यांच्यावर लिहिलेली असते. कांहीं यंत्रांत ठराविक कळा एकत्र दाबल्या म्हणजे तीं पानें दिसूं लागतात. कांहींत तशी सोय नसते. परंतु प्रत्येक सेटिंगचें मूल्य चिपमधील एका क्रमांकित स्थानीं साठविलेलें असतें, आणि पान दिसो वा न दिसो, त्या स्थानींचा अंक बदलला कीं सेटिंग बदलते. आमच्या विद्यार्थ्यानें हाच मार्ग धरला होता.

या मार्गांत एक मोठा धोका आहे. फर्मवेअरची आवृत्ति बदलली कीं हे स्थान-क्रमांक बदलूं शकतात. ज्या स्थानीं एका आवृत्तींत व्हर्च्युअलायझेशनची कळ असते, त्याच स्थानीं दुसऱ्या आवृत्तींत पडद्याची किंवा मेमरीची कळ असूं शकते. आमच्या दोन लॅपटॉपांचीं बाहेरील नांवें एक होतीं. आंतील आवृत्त्या भिन्न होत्या. दुसऱ्या यंत्राची आवृत्ति जुनी होती. आवृत्तीचा क्रमांक सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर, कोणासही दिसेल असा, छापलेला असतो. तो वाचण्यास अर्धें मिनिटही लागलें नसतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. निर्मात्यानें झांकलेलें पान उघडणें हें वाईट काय? आमच्या मतें, हा प्रश्न एका शब्दांत सुटणारा नाहीं. कारण सर्व कुलुपें एका जातीचीं नसतात. त्यांच्या तीन जाती आम्हांस दिसतात.

पहिली जात यंत्राच्या रक्षणाची. प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब, मेमरीचा वेग, उष्णतेची मर्यादा, पंख्याची चाल हीं सेटिंग्जचीं पानें याच कारणानें झांकलेलीं असतात. विजेच्या पेटीवर ‘धोका’ म्हणून पाटी लावितात, तसेंच हें आहे. येथें कुलूप नको, पाटी पुरे, असें कोणी म्हणेल. परंतु त्या कुलुपामागील हेतु चांगला आहे हें नाकारतां येणार नाहीं.

दुसरी जात चोरापासून व दुष्टापासून रक्षण करण्याची. सी. आय. एच. नांवाच्या एका विषाणूनें २६ एप्रिल १९९९ रोजीं जगांतील असंख्य संगणकांवर घाला घातला. तो डिस्कवरील माहिती तर पुसून टाकीच. पण ज्या यंत्रांतील बायोसची चिप मोकळी होती, तेथें ती चिपच खराब करून यंत्र मुकें करी. तैवानमधील एका विद्यार्थ्यानें तो लिहिला होता. पुढें २०१८ सालीं लोजॅक्स नांवाचा असा एक प्रोग्राम उघडकीस आला, जो फर्मवेअरच्या चिपमध्येंच दडून बसे व डिस्क बदलली तरी जात नसे. अशा शत्रूंपुढें चिपवर वाटेल त्यास लिहूं न देणें हें शहाणपणच आहे. या कुलुपाची थट्टा करणाऱ्यानें आपल्या घराचें दार रात्रीं उघडें ठेवून पाहावें!

तिसरी जात निराळी आहे. तेथें कुलूप यंत्राच्या हिताचें नसतें, मालकाच्याही हिताचें नसतें. तें विकणाऱ्याच्या सोयीचें असतें. २००९ च्या सुमारास सोनी कंपनीच्या वायो लॅपटॉपांविषयीं असा बोभाटा झाला कीं प्रोसेसरांत व्हर्च्युअलायझेशन असूनही कंपनीनें तें बायोसमध्यें बंद ठेविलें होतें व ग्राहकास उघडण्याची सोय दिली नव्हती. सुरक्षिततेचें कारण पुढें करण्यांत आलें. परंतु ग्राहकांनीं ओरड केल्यावर पुढें कांहीं यंत्रांत ती सोय देण्यांत आली. त्यापूर्वींच कित्येक ग्राहकांनीं आमच्या विद्यार्थ्याप्रमाणेंच अंक शोधून ती आपल्या हातांनीं जागी केली होती. थिंकपॅड लॅपटॉपांच्या कित्येक जुन्या प्रकारांत तर वायरलेसचें कार्ड बदलून यादीबाहेरचें बसविलें तर यंत्र १८०२ हा क्रमांक दाखवून, ‘अनधिकृत कार्ड लाविलें आहे’ असें सांगून, पुढें पाऊलच टाकीत नसे. कार्ड चांगलें, यंत्र चांगलें, दोन्ही मालकाच्या पैशांचीं. पण दोघांची भेट होऊं द्यावयाची नाहीं! रेडिओच्या नियमांसाठीं हें करावें लागतें असें समर्थन करण्यांत येत असे, व त्यांत थोडें तथ्यही असेल. पण त्याचा भार गरीब ग्राहकावर पडला हें खरें.

या तिन्ही जाती एकाच झांकणाखालीं एकत्र असतात, ही खरी अडचण आहे. जो केवळ ‘झांकलेलें तें पवित्र’ म्हणतो, तो तिसऱ्या जातीच्या कुलुपासही नमस्कार करितो. आणि जो ‘माझें यंत्र, माझी मर्जी’ म्हणतो, तो पहिल्या दोन जातींचीं कुलुपेंही फोडतो. विद्या म्हणजे या दोहोंमधील भेद ओळखणें होय.

कोणी विचारील कीं, निर्मात्याच्या इच्छेविरुद्ध आंत पाहण्याचा अधिकार सामान्य माणसास आला कोठून? आम्ही उत्तर देतों कीं, आज घरोघरीं जो संगणक आहे तो याच जिज्ञासेचें अपत्य आहे. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां तिनें त्याच्या बायोसचें संपूर्ण लेखन आपल्या तांत्रिक पुस्तकांत छापून दिलें होतें. तें नक्कल करण्याची मोकळीक मात्र कोणास नव्हती. तेव्हां कॉम्पॅक कंपनीनें युक्ति योजिली. एका गटानें बायोस काय काय काम करितो याचें केवळ वर्णन लिहिलें. दुसऱ्या गटानें, ज्यानें मूळ लेखन डोळ्यांनींही पाहिलें नव्हतें, त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. १९८२ सालीं कॉम्पॅकचें यंत्र जाहीर झालें. पुढें फीनिक्स संस्थेनेंही तशाच रीतीनें बायोस तयार करून इतर कारखानदारांस विकला. आणि संगणक स्वस्त होत होत आमच्या धाराशिवपर्यंत पोंचला. येथें दोन गोष्टी पाहाव्या. त्या लोकांनीं आंत काय चालतें तें समजून घेतलें. परंतु चोरी केली नाहीं, आणि आपण काय केलें याची नोंद ठेविली. जिज्ञासा व शिस्त या दोन बैलांनीं ती गाडी ओढली.

तसेंच १९९९ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत रॉन मिनिक यांनीं लिनक्सबायोस नांवाचा उपक्रम सुरू केला. कोरबूट या नांवानें तो आज चालू आहे. फर्मवेअरचें लेखन सर्वांस वाचतां यावें, सुधारतां यावें, हा त्याचा हेतु. गूगलच्या क्रोमबुक यंत्रांत हाच कोरबूट वापरलेला आहे. कित्येक जुन्या क्रोमबुकांत फर्मवेअरच्या चिपवर लिहिण्यास बंदी करणारी वस्तु काय होती? मुख्य पाटीवरील एक साधा स्क्रू! यंत्र खोलून तो काढला कीं चिप लिहिण्यास मोकळी होई. दुरून आलेल्या विषाणूस तो स्क्रू काढतां येत नाहीं. ज्याच्या हातांत यंत्र आहे त्या मालकास येतो. कुलूप असावें तर असें असावें, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्रांतीलही एक उदाहरण येथें आठवतें. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत खैराट-धनगरवाडा येथील लहानशा शाळेंत ‘एका मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें मुलांच्या हातीं देण्यांत आलीं. आपल्या देशांतील त्या योजनेचा तो पहिला प्रयोग. त्या जातीच्या यंत्राच्या कळफलकावर एक विशेष कळ होती. ती दाबली असतां चालू असलेल्या प्रोग्रामचें मूळ लेखन पाहतां यावें, अशी ती कल्पना. चोरी होऊं नये म्हणून त्या योजनेच्या यंत्रांच्या फर्मवेअरला कुलूप घालण्याची व्यवस्था होती. परंतु ज्यास आंत जाऊन शिकावयाचें असेल त्यानें मागणी करावी, थोडे दिवस थांबावें, आणि त्याच्या यंत्रापुरती किल्ली त्यास मिळावी, अशीही व्यवस्था होती. ती योजना पुढें आपल्या देशांत फारशी वाढली नाहीं. तथापि, मुलाच्या हातीं यंत्र देतांना त्याच्या आंतील खोलीची किल्लीही मागितल्यावर द्यावी, हा विचार आम्हांस त्या यंत्राहून मोलाचा वाटतो.

आमच्या जिल्ह्यास या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. केंद्र सरकारनें २०१८ सालीं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तींत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आले त्यांत आमचा एक. पुण्या-मुंबईच्या घरांत तीन-चार वर्षांनीं यंत्र बदलतें. येथें शहरानें टाकलेलें यंत्र शाळेंत नवें म्हणून येतें. अशा ठिकाणीं एक लपलेली सेटिंग उघडणें न उघडणें यावर, एक लॅपटॉप आणखी पांच वर्षें वीस मुलांस शिकवील कीं भंगाराच्या गाड्यावर जाईल, हें ठरूं शकतें. ई-कचऱ्याविषयींचे नवे नियम देशांत १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले; केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळही उघडलें, कीं कंपन्यांनीं दुरुस्तीची माहिती ग्राहकांस तेथें द्यावी. हीं पावलें चांगलीं आहेत. परंतु त्या माहितींत फर्मवेअरच्या झांकलेल्या पानांचाही समावेश व्हावा, निदान यंत्र जुनें होऊन कंपनीनें त्याकडे पाहणें सोडल्यावर तरी त्याच्या किल्ल्या मालकाच्या हवालीं कराव्या, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. ज्या घरावर मालकी सोडली त्याची किल्ली खिशांत घेऊन फिरणें कोणासही शोभत नाहीं.

असो. आतां आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्याचा अपराध कोणता? पान उघडणें हा अपराध नव्हे. पहिलें यंत्र त्यानें शिक्षकांच्या देखत उघडलें आणि तें सर्वांच्या उपयोगी पडलें. त्याचे दोष तीन. एक, यंत्र त्याचें एकट्याचें नव्हतें, शाळेचें होतें, आणि त्यानें विचारलें नाहीं. दुसरा, चिपमध्यें काय आहे त्याची प्रत त्यानें आधीं काढून ठेविली नाहीं. तिसरा, नांव सारखें पाहून त्यानें आंतील सारखेपणा गृहीत धरिला. आमच्या जिल्ह्यांतील तेर गांवच्या गोरा कुंभाराची कथा सर्वांस ठाऊक आहे. थापटणें हातीं घेऊन कोणतें मडकें पक्कें व कोणतें कच्चें हें त्यांनीं एकेक ठोकून पाहिलें, अशी ती कथा. सर्व मडकीं एकाच आव्यांतून निघालीं म्हणून सर्व पक्कींच असतील, असें ते म्हणाले नाहींत. प्रत्येकावर स्वतंत्र थाप मारिली. हा सावधपणा आमच्या मुलानें दाखविला नाहीं, एवढेंच.

दुरुस्तीची हकीकतही बोधप्रद आहे. प्रथम बॅटरी काढून व पाटीवरील नाण्यासारखी लहान बॅटरी काढून पाहिलें. जुन्या संगणकांत या उपायानें सेटिंग्ज मूळपदावर येत. आमच्या यंत्रांत त्या चिपमध्येंच लिहिलेल्या असल्यामुळें कांहींएक उपयोग झाला नाहीं. शेवटीं सोलापूरच्या एका कारागिरानें चिपला चिमटा लावून, बाहेरील यंत्रानें तिच्यांतील सर्व लेखन दोनदां वाचून घेतलें. दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात असें पाहिलें. मग त्यांतील बिघडलेला तेवढा एक अंक दुरुस्त करून तें पुन्हां चिपमध्यें लिहिलें. आपला मुलगा त्या वेळीं त्याच्याशेजारीं उभा होता. त्या कारागिरानें कोणतेंही काम करण्यापूर्वीं प्रत काढली, आणि एका प्रतीवर विश्वास न ठेवितां दुसरी काढून ताडून पाहिली, ही गोष्ट त्या मुलानें परत आल्यावर आम्हांस दोनदां सांगितली. वर्षभर कक्ष बंद करून त्यास हा धडा मिळाला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां दोन्ही पक्षांनीं मान्य करावे असे थोडे नियम आम्ही सुचवितों. सेटिंग्जवर पासवर्ड अवश्य असावा, परंतु तो शाळेच्या कपाटांत बंद पाकिटांत असावा, कोणा एकाच्या डोक्यांत नसावा. कारण पासवर्ड जाणणारा शिक्षक बदलून गेला तर तेंच कुलूप आपल्यावर उलटतें. प्रत्येक यंत्राची एक वही असावी; तींत त्याची आवृत्ति व त्यांत केलेला प्रत्येक बदल, तारीख आणि करणाऱ्याच्या नांवासह लिहावा. चिपची प्रत काढून दोन ठिकाणीं ठेविल्यावांचून कोणतेंही दडलेलें पान उघडूं नये. एका वेळीं एकच सेटिंग बदलावी, आणि तिचा अर्थ समजल्याशिवाय तिला हात लावूं नये; विजेच्या दाबाच्या व उष्णतेच्या सेटिंग्जना तर शाळेंत मुळींच लावूं नये. साधा उपाय असेल तेथें हा उपाय करूं नये. वायरलेसचें कार्ड यंत्र घेत नसेल तर बाहेरून यू. एस. बी. मध्यें बसणारें लहानसें उपकरण थोड्या पैशांत मिळतें, त्यासाठीं चिपशीं झुंजण्याचें कारण नाहीं. आणि दुसऱ्याच्या यंत्राचा पासवर्ड मोडण्यासाठीं ही विद्या वापरणें म्हणजे चोरी होय. तिला ज्ञानाचें नांव देऊं नये.

नळदुर्गच्या पाणीमहालांत आज कोणीही उतरूं शकतो. परंतु पाणी चढलें असतां जिना बंद ठेवितात, आणि तें योग्यच आहे. खोली सदाचीच बुजवून टाकावी असें कोणी म्हणत नाहीं, आणि पुरांत कोणी उडी मारावी असेंही कोणी म्हणत नाहीं. मग यंत्राच्या बाबतींतच आपण या दोन टोकांना कां जावें?

शेवटीं आनंदाची बातमी. शिक्षकांच्या बैठकींत बरीच चर्चा होऊन, त्या मुलास कक्षांतून काढण्याऐवजीं वर सांगितलेल्या वहीचें काम त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें. गेल्या दोन महिन्यांत त्यानें सर्व लॅपटॉपांच्या आवृत्त्या लिहून काढिल्या, आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रत्येक चिपची प्रत काढिली. बिघडलेलें तें यंत्र पुन्हां आपल्या जागीं आलें आहे; त्याच्यावर आतां लिनक्स चालतो. वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलानें आपल्या हातानें पहिली नोंद केली आहे: यंत्राचा क्रमांक, आवृत्ति, बदललेलें स्थान, परिणाम ‘पडदा बंद’, आणि करणाऱ्याच्या रकान्यांत स्वतःचें नांव. आमच्या विद्यार्थ्यांनीं कोणत्याही दाराची किल्ली हातीं घेण्यापूर्वीं तें पान एकदा वाचावें, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.